आधी हात, मग पाय

मित्रांनो, या घराच्या मागील दाराशी, बादलीच्या आडोशाला, जो काळा, जाड रबरी तळव्याचा, टाचेस ठिगळ लावलेला बूट आपणांस दिसत आहे, तो मीच होय. माझ्या शेजारी माझा जुळा बंधू डावा विसावलेला आहे. तो स्वभावाने अबोल असल्यामुळे आम्हा उभयतांची कहाणी सांगण्याचे कार्य मजकडे, म्हणजे उजव्याकडे, आले आहे. मी पायात घालून मिरवण्याचा बूट नव्हे. पाण्यात उतरण्याकरिता माझा जन्म झाला.

तो जन्म एका कारखान्यात झाला. स्पंजासारख्या रबरी कापडाचे ताव कापून मला आकार देण्यात आला व खोल खाचा असलेला तळवा मजखाली पक्का चिकटविण्यात आला. शिवण तपासणाऱ्या बाईंनी मला उलटसुलट पिळून पाहिले आणि म्हटले की, हा दिसायला देखणा नाही, पण साथ जन्मभर देईल. त्यावर शेजारची बाई म्हणाली, "मग नवऱ्याच्या जागी यालाच घरी ने." सर्वत्र हशा पिकला. मला मात्र त्या शब्दांनी आयुष्यभर पुरेल एवढा धीर दिला.

तेथून आम्ही एका खडकाळ समुद्रकिनाऱ्यावरील दुकानात आलो. तोंडात श्वासाची नळी धरावी, डोळ्यांवर व नाकावर काचेचा मास्क चढवावा आणि पाण्यावर पालथे तरंगत समुद्राचा तळ न्याहाळावा, या छंदास स्नॉर्केलिंग असे म्हणतात. त्यासाठी लागणारे सर्व साहित्य त्या दुकानात वापरावयास मिळे. दुकानाच्या मालकीणबाईंना लहानथोर सगळेच मावशी म्हणत. त्यांचे यजमान, म्हणजे काका, दुरुस्तीचे काम करीत आणि दुरुस्तीपेक्षा गप्पा अधिक मारीत.

मावशींचा एक दंडक होता. दाराशी समुद्राच्या पाण्याने भरलेला एक मोठा टप असे आणि त्याच्या तळाशी किनाऱ्यावरचे खडे अंथरलेले असत. बूट पायात घालून त्या टपात उभे राहिल्याशिवाय कोणासही पाण्याकडे जाऊ दिले जात नसे. पाणी शिरले की बूट सैल पडतो, टाच आत घसरते, आणि दुकानात छान वाटलेला जोडा खडकावर दगा देतो. "कोरड्या पायाला सगळेच बूट आवडतात," असे मावशी म्हणत. टपातून निघालेल्या माणसास त्या दुकानात दोन फेऱ्या मारावयास लावीत आणि विचारीत, "काही टोचतंय?" बहुतेक जण वाळूच्या कणाचीदेखील तक्रार करीत. एका नवपरिणीत वधूने तर टोचण्याचा दोष पतीच्या निवडीस दिला होता.

पायांत घालावयाचे जे लांब पंख असतात, त्यांस फिन म्हणतात. त्यांविषयीही मावशींचे मत पक्के होते. वाळूचा किनारा असेल तर अनवाणी पायावर चढणारे बंद फिन चालतील, परंतु येथे खडक आहेत. येथे टाचेकडून उघडे, पट्ट्याचे फिन हवेत. ते हातात धरून, बूट घालून, सावकाश कमरेएवढ्या पाण्यात जावे आणि तेथे ते बुटावरून चढवावेत. फिन घालून खडकावर चालू पाहणाऱ्या माणसाची अवस्था बदकालाही लाजवील अशी होते.

अशी पुष्कळ वर्षे मी सेवा केली. नाना प्रकारचे पाय माझ्यात आले आणि सुखरूप परत गेले. पुढे एकदा काकांनी गप्पांच्या नादात आम्हांस तापलेल्या पत्र्यावर वाळत टाकले व ते विसरून गेले. उन्हाने माझ्या टाचेचा डिंक सुटला. मावशींनी त्यांना एवढेच विचारले की, तुम्हाला असं पत्र्यावर ठेवून मी जेवायला गेले तर चालेल का? काका निमूटपणे ठिगळ लावावयास बसले. त्यानंतर रंगीबेरंगी, पातळ तळव्यांचे नवे बूट आले आणि आमची रवानगी बाकाखाली झाली. डाव्यात तर एका लहानशा खेकड्याने बिऱ्हाड थाटले. मी दुःख केले नाही. कोणाच्या तरी डोक्यावर आपण छप्पर झालो, हे काय थोडे झाले?

आणि मग तो दिवस उजाडला, ज्याच्यामुळे मी आज या घरी आहे.

त्या सकाळी एक वृद्ध गृहस्थ आपल्या धाकट्या बहिणीसह दुकानात आले. गृहस्थ पूर्वी बसचालक होते. त्यांच्या मिशा इतक्या भारदस्त होत्या की मास्क ठेवण्यास चेहऱ्यावर जागा उरते की नाही, अशी काकांना चिंता पडली. बहीण टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झालेली असल्याने तिचा आवाज अर्थातच खणखणीत होता. ती अंगाने चांगली भरलेली होती, तरी भाऊ तिला चिमणी म्हणे. ती त्यांना दादा म्हणे, म्हणून दुकानातील सर्वांनीही तेच सुरू केले. लहानपणी दादांनीच तिला विहिरीत पोहावयास शिकविले होते आणि कधीतरी तुला समुद्राचा तळ दाखवीन, असे वचन दिले होते. मधली सगळी वर्षे संसारात व नोकरीत गेली. आता दोघे एकटे होते, एकत्र राहत होते आणि ते वचन फेडावयास आले होते.

दादांनी स्वतःचे बूट शहरातून आणले होते. निळे, चकचकीत, पातळ. ते घालून ते टपात उभे राहिले व झकास आहेत म्हणाले. मावशींची नजर मात्र त्यांच्या बोटांवर होती. पातळ कापडातून ती आत मुडपलेली स्पष्ट दिसत होती. त्यांनी बूट उतरवावयास सांगितले. पायावर लाल वळ उमटले होते. मावशींनी दुखते का म्हणून विचारले, तर दादांनी उत्तर दिले की छे, उलट जरासे ढिलेच वाटत होते.

मावशींनी बाकाखाली हात घातला, डाव्यातील भाडेकरूस टपात सोडले आणि आम्हांस पुढे केले. आम्ही त्या निळ्यांहून एका नंबराने मोठे होतो. बूट बदलताना दादांनी अनवाणी पाय टपात बुडविला, तेव्हा तळव्यास वाटाण्याएवढा एक खडा चिकटला. तो पायाबरोबर माझ्यात आला. मित्रांनो, दादांनी दोन फेऱ्या मारल्या. प्रत्येक पावलास तो खडा त्यांच्या टाचेत आणि माझ्या तळव्यात रुतत होता. मला ओरडावेसे वाटले, परंतु बुटाला जीभ असली तरी वाचा नसते. मावशींनी विचारले, "काही टोचतंय?"

"मऊ मऊ लागतंय. अगदी गादीवर चालल्यासारखं."

त्यांनी मला उतरविले, तसा खडा खट्‌कन फरशीवर पडला. मावशींनी चटकन त्यावर आपला पाय ठेवला. बहीण पलीकडच्या भिंतीशी मास्क लावून पाहण्यात गुंतली होती. तिचे इकडे लक्ष नव्हते.

"दादा, कधीपासून?" मावशींनी हळू विचारले.

दादांनी मिशीस पीळ दिला, पुन्हा दिला. मग खाली पाहत सांगितले की पायांस काही कळेनासे होऊन बराच काळ लोटला. साखरेचा आजार. बसचा ब्रेक दाबला गेला की नाही, हे एके दिवशी पायाला उमगले नाही, तेव्हाच त्यांनी आपण होऊन गाडी सोडली. घरी मात्र सांगितले की कंटाळा आला. डॉक्टर घरातसुद्धा अनवाणी फिरू नका म्हणतात, तेही त्यांनी बहिणीपासून दडविले होते.

"चिमणीला कळलं तर मला घराबाहेर पाऊल टाकू देणार नाही."

"पाऊल टाकाच की," मावशी म्हणाल्या. "पण कशावर टाकताय, ते कुणीतरी बघायला नको? तिला सांगा, मग बूट देते. नाही सांगितलंत तर टपापलीकडे जायचं नाही."

दादांनी निळ्या बुटांकडे पाहिले. माझ्या मनात आले की आता हे निळे बूट उचलून निघून जाणार, आणि त्या पातळ तळव्यांनिशी दुसऱ्या एखाद्या खडकावरून पाण्यात उतरणार. तेथे खडकांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा सुरीसारख्या असतात. पाय कापला तरी त्यांना रक्त पाहूनच कळले असते.

परंतु ते बहिणीकडे गेले.

आता मास्कची परीक्षा अशी असते की पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने श्वास आत ओढावा. माप बरोबर असेल तर तो चिकटून राहतो. बहिणीने नेमका तेव्हाच श्वास ओढला होता. मास्क असा घट्ट बसला की तिचे नाक बंद, ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे विस्फारलेले. दादांनी ती संधी साधली व सगळे एका दमात सांगून टाकले. एवढे ऐकून घेण्याची वेळ तिच्या आयुष्यात बहुधा प्रथमच आली असावी.

तिने मास्क ओढून काढला. चेहऱ्यावर त्याचे वर्तुळ उमटले होते.

"साखर चोरून खातोस, ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "पाय चोरून चालतोयस, हे नव्हतं माहीत."

दादांनी मान खाली घातली. ती मात्र फरशीवर बसली आणि तिने त्यांचे पाऊल आपल्या मांडीवर घेतले. बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत तिने ते निरखले. कोठे जखम नव्हती, केवळ वळ होते. मग तिने मला उचलले, आत हात घातला आणि कोपरा न् कोपरा चाचपला.

"आजपासून असं," ती म्हणाली. "आधी माझा हात, मग तुझा पाय."

मावशींनी त्यांस त्या दिवशी पाण्यात उतरू दिले नाही. पायाची लाली उतरू द्या, समुद्र कुठे पळून जात नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. दुसऱ्या सकाळी वळ नाहीसे झाल्याचे पाहून मगच आम्ही निघालो. मिशीमुळे मास्कमध्ये पाणी शिरू नये म्हणून काकांनी तिला भरपूर व्हॅसलीन चोपडले होते. बहीण पुढे चालली. ती प्रत्येक खडक आपल्या पायाने आधी चाचपून पाही व मग भावास हात देई. कमरेएवढ्या पाण्यात त्यांनी फिन चढविले आणि दोघे पालथे झाले.

त्यांनी काय पाहिले, हे मला पूर्णपणे ठाऊक नाही, कारण मी पाठीमागे होतो. पण पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा एक थवा माझ्या बाजूने गेला. एकदा दादांनी मास्कमधील पाणी काढण्यासाठी डोके वर केले, तेव्हा ते लहान मुलासारखे हसत होते. बहिणीनेही डोके वर काढले आणि त्यांना त्यांचेच जुने शब्द ऐकविले, "नुसता तरंगू नकोस, लाथ मार."

परतताना एका कालवाची कड माझ्या तळव्यात खोलवर घुसली. किनाऱ्यावर मला उलटे केले तेव्हा लांब चीर दिसली. दादांचा पाय मात्र जसाच्या तसा होता. बहिणीने माझ्या चिरेवरून बोट फिरविले. मग तिने आम्हांस मावशींकडून मागून घेतले. मावशींनी आनंदाने दिले, आणि त्यासोबत तो वाटाण्याएवढा खडाही दिला.

तेव्हापासून आम्ही येथे आहोत. आम्ही दुकानातून निघण्यापूर्वी काकांनी माझी चीर बुजवून दिली. दादा रोज सकाळी आम्हांस घालून झाडांना पाणी घालतात. बहीण अधूनमधून तो खडा गुपचूप माझ्यात टाकून ठेवते आणि दादा हात घालतात की नाही, ते खिडकीतून पाहते. आजवर ते एकदाही चुकलेले नाहीत. आज तर त्यांनी खडा काढला, इकडेतिकडे पाहिले आणि अलगद तिच्या चपलेत ठेवला. क्षणभराने अंगणातून खणखणीत "आई गं!" ऐकू आले.

"लागला ना?" दादा म्हणाले. "बरं झालं. घरात एकाला तरी लागतं."

मित्रांनो, माझी आपणांस एवढीच विनंती आहे. आम्हांस गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि आमची निवड करताना पाय ओला करून पाहा. आणि आपल्या घरी ज्यांच्या पायांस टोचलेले कळत नाही, असे कोणी असेल, तर त्यांना घरी बसवू नका. त्यांच्या बुटात आधी आपला हात घाला, आणि मग त्यांच्या बरोबरीने चालू लागा.