सगळे पुसायचे का?

मी एक जुना, स्वस्तातला वाचन-टॅब आहे, मित्रांनो. जरा घाईने ऐका, कारण माझ्याकडे फार वेळ उरलेला नाही.

मला विकत घेतले मेधाताईंनी. त्या मूळच्या पुण्याच्या, सिल्वासातल्या एका सुताच्या कारखान्यात इंजिनीअर. "डोळ्यांना किती गार वाटतं!" असे म्हणत माझा काळा-पांढरा पडदा त्या सगळ्यांना दाखवत. पण नव्याचे नऊ दिवस! मला बनवणाऱ्या कंपनीने माझ्या प्रणालीची नवी आवृत्ती पाठवणे बंद केले, मी पदोपदी अडखळू लागलो आणि कपाटात धूळ खात पडलो. मग दिवाळीच्या आवराआवरीत ताईंनी मला पॅकिंग विभागातल्या पुतळाबाईंना देऊन टाकले.

पुतळाबाई धुळ्याकडच्या. सिल्वासाजवळच्या डोकमर्डीत, चाळीतल्या एका खोलीत त्या आणि त्यांची लेक रोशनी राहतात. रोशनीला नर्स व्हायचे आहे. तिने माझ्यात पुस्तके भरली आणि पानापानाच्या कडेला टिपणे लिहिली. हृदयाचे कप्पे पाठ करताना ती ते मलाच समजावून सांगे. मला एवढा मान कधी कुणी दिला नव्हता. तिची वर्षभराची मेहनत माझ्या पोटात आहे. दुसरीकडे कुठेही नाही. आणि प्रवेश परीक्षा येत्या रविवारी आहे.

गेल्या आठवड्यात पुस्तकांच्या ॲपने मला दारातच अडवले. माझी प्रणाली जुनी झाली म्हणे! शेजारचा स्वप्नील मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. तो म्हणाला, "कंपनी नाही देत तर ना देवो. हौशी लोकांनी बनवलेली सिस्टीम मिळते, ती टाकू. एकदम मस्त चालेल."

आज सकाळी त्याने काम सुरू केले. माझी बॅटरी थकलेली, म्हणून चार्जरची वायर लावून ठेवली आणि तो दुकानात गेला. तेवढ्यात नळाला पाणी आले. रोशनी हंडा घेऊन धावली. आईला सांगायचे राहून गेले.

पुतळाबाई जवळच्या अथाल गावी बहिणीकडे निघाल्या होत्या. चाळीचा शिरस्ता असा, की खोलीतून शेवटी बाहेर पडेल त्याने मेन स्विच पाडायचा. विसरले तर खोलीमालक चारचौघांत पाणउतारा करतो. पुतळाबाई कधी विसरल्या नाहीत. आजही विसरल्या नाहीत. नवी प्रणाली अर्धीच उतरली होती, जुनी गेली होती, आणि मी मध्येच आडवा झालो.

संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा रोशनी मला मांडीवर घेऊन रडत होती. सगळे कळताच पुतळाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. "माले काय माहीत, माय? निंघताना बटन बंद करानी सवय से मन्ही!"

स्वप्नीलने नाना खटपटी केल्या. शेवटी म्हणाला, "फुल रिसेट मारावं लागेल. टॅब चालू होईल, पुस्तकं परत टाकता येतील. पण तुझं लिहिलेलं सगळं जाईल."

"भाऊ, दुसरा काही रस्ताच नाही का?"

"मला तरी नाही येत. तूच दाब, माझा हात नाही होत."

मित्रांनो, मी जीव तोडून ओरडतो आहे! तिची टिपणे शाबूत आहेत हो! मोडली आहे ती फक्त मला चालवणारी प्रणाली. मला एखाद्या जाणत्या माणसाकडे न्या, घाई करू नका! पण मुक्याचे कोण ऐकणार? आणि रविवार तर कुणासाठी थांबत नाही.

तुम्ही तरी ऐका. यंत्राला हात घालण्याआधी त्याच्या पोटातले दुसरीकडे उतरवून ठेवा. घरात काय चालू आहे ते घरच्यांना सांगा. एवढे केले असते तर ही पोर आज रडली नसती.

रोशनीने डोळे पुसले. आईचा हात घट्ट धरला. तिचे बोट आता माझ्या पडद्यावरच्या 'होय'वर आले आहे.

थोड्या वेळाने मी कोरा करकरीत होऊन जागा होईन, आणि सगळ्यात आधी तिलाच विचारीन, "आपले नाव काय?"