नाक्यावर घेतलेलं नाव

मालकांनी जन्मात कधी घरचं सरपण फोडलं नाही. चुलीला लाकूड नाही म्हणलं की म्हणायचे, ग्यानबाला सांग. त्याच माणसानं साठीला आल्यावर कुऱ्हाड उचलली आणि ओढ्याकाठची सरकारी शिंदीची झाडं तोडली. शिंदीच्या दारूवर निजाम सरकारला पैसा मिळतो, तो बंद पाडायचा, म्हणून त्या साली गावोगाव माणसं झाडं तोडत होती. तोडू देत. पण बाकीच्यांनी गुपचूप तोडली. आमच्या मालकांनी भर दुपारी तोडली, आणि घाम आला म्हणून पाणी मागायला पोलीस पाटलाच्या ओसरीवर जाऊन बसले. कुऱ्हाड मांडीवर.

वारंट निघालं. मालक वाशिमला पळाले.

गोरेगावाहून वाशिम काही लांब नाही. आमच्या लेकी तिकडं दिलेल्या, तिकडच्या लेकी आमच्या घरात आलेल्या. पण त्या वर्षी कनेरगावच्या नाक्याच्या अलीकडं निजामाचं राज्य होतं आणि पलीकडं स्वतंत्र हिंदुस्थान. म्हणजे माझा नवरा परदेशी गेला होता. बैलगाडीत कडब्याखाली झोपून.

माघात थावरा आला. तांड्यावरचा हा माणूस बैलांच्या व्यापारापायी दोन्हीकडं जायचा. त्याला कुणी अडवत नव्हतं, कारण दोन्हीकडच्या शिपायांना बैल त्यानंच विकलेले. ओट्यावर टेकून म्हणला, "माय, मालक तापानं पडले व्हते."

"आता?"

"ताप उतरला. पण अन्न जात न्हाई. भाकरी समोर ठेवली की भिंतीकडं तोंड करतेत. पार काटकी झाली. तुमी एकडाव जाऊन या. मंग म्हणू नका, थावरानं सांगितलं न्हाई."

मी त्याला चहा दिला. मग आत जाऊन शेंगदाणे भाजायला घेतले, कारण त्यांना शेंगदाण्याचे लाडू आवडतात, आणि मी जाणार हे ठरलं होतं. बाकीच्यांना ते ठरवायला अजून तीन दिवस लागले.

सगळ्यांना माझ्या जिवाची काळजी. तातेराव, म्हणजे माझे धाकटे दीर, हे काळजी करण्यात आमच्या घराण्यात पहिले. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तर ते उन्हाळ्यापर्यंत ओलांडत नाहीत. ते येऊन खांबाला टेकले.

"वैनी, रस्ता बराबर न्हाई. रझाकाराची पोरं बंदुका घेऊन फिरून राहिलीत."

"मला घेऊन काय करतील? स्वयंपाक सांगितला तर मी त्यांचाच जीव खाईन."

"थट्टा न्हाई. नाक्यावर फरारी माणसांची नावं ठेवलीत. एकटी बाई दिसली की इचारतेत, नवरा कुठाय. मागं त्या सेनगावकडच्या बाईचं काय झालं? नवरा तिकडं हाय हे कळलं, गाडीबैल ठेवून घेतले, आन् तिच्या पोराला घरून उचलला. अजून हिंगोलीच्या कोठडीत हाय."

माझा उद्धव तेव्हा नुकता पंचविशीचा. त्याची बायको तारा दारात उभी होती, पोटुशी. तिनं हातातलं सूप जोरात आपटलं. सुनेचा मुद्दा मला कळला. माझ्या जिवाचं मी बघून घेतलं असतं. पकडली जाऊन लेकाला कोठडीत घालण्याचा मला हक्क नव्हता.

"मंग न्हाई गेलं तर?" मी विचारलं. "ते तिकडं भिंतीकडं तोंड करून जातील. आन् मी इथं सुरक्षित बसू. चांगला हिशोब हाय."

तातेरावांनी बराच वेळ मिशी ओढली. मग खालच्या आवाजात म्हणले, "एक रस्ता हाय. इधवेला कुणी नवरा इचारत न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे... नाक्यापुरतं. कुंकू पुसायचं, बांगड्या काढून ठेवायच्या. पलीकडं गेल्यावर पुन्हा..."

तारानं सूप खाली ठेवलं. ग्यानबा अंगणात दावं वळत होता, त्याचा हात थांबला.

मी म्हणलं, "भावजी, ते अंथरुणावर पडलेत. डोळे उघडून बघतील तर मी पांढऱ्या कपाळानं उभी. आजारानं न्हाई मेले तर तेवढ्यानं मरतील. आन् नाक्यापुरतं म्हंजे काय? यमाला तुमच्या नाक्याची हद्द ठाऊक हाय का?"

तातेराव म्हणले, मी आपलं सुचवलं. सुचवण्यात ते पहिल्यापासून हुशार.

तेव्हा तारा बोलली. आमच्या घरात आल्यापासून माझ्यासमोर ती इतकं सलग कधी बोलली नव्हती. "इधवेला नवरा इचारत न्हाईत, तसं नवरा संगं असला तरी इचारत न्हाईत. आत्याबाई, नवरा घेऊन जा की."

"कोणता?"

तिनं अंगणाकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. ग्यानबानं दावं खाली टाकलं आणि म्हणला, "न्हाई."

ग्यानबा तीस वर्षं आमच्या घरी सालगडी. वय मालकांएवढं, उंची मालकांएवढी, डोकं कमी. त्याचं नाव कुठल्या वारंटात नाही, कारण झाडं तोडायच्या दिवशी तो मालकांच्या वाटणीची नांगरट करत होता. तारानं त्याला मालकांचं धोतर दिलं, कोट दिला, तांबडा फेटा बांधला. वाशिमला भाचीचं डोहाळजेवण आहे, नवराबायको निघालोत, असं सांगायचं ठरलं. ग्यानबानं स्वतःचंच नाव सांगायचं, म्हणजे खोटं कमी लागतं. तातेरावांनी त्याला शिकवलं.

"तिला हाक मार. 'अगं ए' म्हण."

ग्यानबा माझ्याकडं बघून म्हणला, "माय—"

"माय न्हाई! बायको हाय ती तुझी!"

"धाकले मालक, मला फाशी द्या. पर हे न्हाई जमायचं."

"मंग तोंडच उघडू नको. गाडी हाक, नाव इचारलं की सांग आन् गप ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. मी गाडीत लाडवाचा डबा मांडीवर घेऊन बसले, हिरवं लुगडं नेसून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. तातेरावांनी वेशीपर्यंत येऊन आणखी चार धोके सांगितले. ग्यानबा पुढं ताठ बसला होता. वाटेत लोक त्याला रामराम घालायचे आणि तो मागं बघायचा, कुणाला घातला म्हणून.

कनेरगावला ऊन चढलं होतं. नाक्यावर आडवा बांबू, बाजूला करोडगिरीची चौकी. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. लिंबाखाली खाकी कपड्यातली चार पोरं बसली होती, बंदुका आणि काठ्या घेऊन, मिसरूड न फुटलेली. चौकीच्या ओसरीत पांढऱ्या दाढीचा मुन्शी टाक घेऊन बसलेला. पोरांतला एक उठला, गाडीला चक्कर मारली, बैलाच्या पाठीवर काठी आपटली. बैलाला वाटलं निघायचंय. ग्यानबानं कासरा ओढला.

मुन्शीनं विचारलं, "कुठून?"

ग्यानबा गप्प.

"कहाँ से आये?"

ग्यानबा गप्प. तोंड उघडू नको म्हणलं होतं, ते त्यानं फार मनावर घेतलं.

"गोरेगाव," मी आतून म्हणलं. "वाशिमला चाललो. भाचीचं डोहाळजेवण हाय."

"मालकाचं नाव?"

आता एवढं तरी त्यानं सांगायचं होतं. बापानं ठेवलेलं, स्वतःचं नाव. ते काही मी शिकवायला नको. पण ग्यानबा बघतच राहिला. तो खाकी पोरगा जवळ आला. माझं डोकं फिरलं. तीस वर्षं मी त्याला सकाळ-संध्याकाळ जशा हाका मारल्या, गव्हाणीवरून, उकिरड्यावरून, शेताच्या बांधावरून, तसंच तोंडातून निघालं.

"ग्यानबा! ग्यानबा नाव हाय त्याचं. आन् बोल की रे मेल्या, दातखीळ बसली का?"

मुन्शीनं टाक खाली ठेवला.

माझ्या लक्षात यायच्या आधी त्याच्या लक्षात आलं. तो उठला, ओसरीवरून उतरला आणि गाडीच्या मागं येऊन, डब्यात काय आहे ते बघायच्या मिषानं, हळूच म्हणला, "बाई, या नाक्यावर माझी दाढी पांढरी झाली. तुमच्या बायांना मी ओळखून हाय. सासऱ्याचं नाव सांगतेत, दिराचं सांगतेत, बैलाचं पण सांगतेत. नवऱ्याचं इचारलं तर पोराला पुढं करतेत. आजपर्यंत एका बाईनं माझ्यासमोर नवऱ्याचं नाव घेतलं न्हाई. तुमी घेतलं, आन् वर मेल्या म्हणलं."

मी पदर पुढं ओढला.

"हा तुमचा नवरा न्हाई," तो म्हणला. "खरा तिकडं हाय. व्हय ना?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"काय नाव त्याचं?"

आता लोक म्हणतात, मनकर्णाबाईनं कसं डोकं चालवलं, कशी गप्प राहिली. डोकं कसलं? मला नाव सांगून टाकायचं होतं. दडवण्यात काही उरलं नव्हतं, उगीच ग्यानबाला मार बसण्यापेक्षा हात जोडावेत, असंच मनात आलं होतं. पण तोंडच उघडेना. लग्नात मांडवात बायांनी दटावून घ्यायला लावलं, त्यानंतर ते नाव माझ्या जिभेवर आलेलं नाही. त्या नावाचा देव आहे, तर त्या देवाची आरती आली की मी नुसत्या टाळ्या वाजवते. मुन्शीनं पुन्हा विचारलं. मी बैलाच्या शेपटीकडं बघत राहिले, कान तापले, आणि त्या वयात, त्या जागी, बंदुकीच्या समोर, मला लाज आली.

मुन्शीनं ते बघितलं.

"क्या हुआ मुन्शीजी?" खाकी पोरानं विचारलं.

"कुछ नहीं," मुन्शी मोठ्यानं म्हणला. "मियाँ-बीवी का झगडा है. मियाँ बात नहीं करता, बीवी चुप नहीं बैठती. जाने दो."

पोरं हसली. बांबू वर गेला. मुन्शीनं डब्यातले दोन लाडू उचलले, जकात म्हणून, आणि वहीत लिहायला बसता बसता मला म्हणला, "येताना याचं नाव घेऊ नका."

नाका पार मागं पडला तरी ग्यानबा बोलेना. मग म्हणला, "माय, मला भूक लागली."

"आता बोलतोस व्हय रे?"

मी त्याला लाडू दिला. जास्त काही दिलं नाही.

वाशिमला मालक एका तेल्याच्या ओसरीवर राहत होते. थावरा बोलला ते खरं होतं. सदऱ्यात माणूस होता की नुसता सदरा टांगला होता, ते जवळ गेल्याशिवाय कळेना. मला बघून त्यांचे डोळे भरले. मग त्यांना मागं ग्यानबा दिसला.

"हा माझा फेटा," मालक म्हणले.

"व्हय."

"कोट बी माझा."

"व्हय. थांबा, भाकरी काढते."

"भाकरी नको," म्हणून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मी भाकरी, पिठलं, ठेचा समोर ठेवला आणि त्या पाठीला सगळं सांगितलं. तातेरावांनी मला विधवा करायचं ठरवलं ते, ग्यानबाची दातखीळ, मुन्शीची दाढी. मी नाव घेतलं तिथं आले तसे ते वळून बसले.

"काय म्हणलीस नाक्यावर?"

"ग्यानबा म्हणलं."

"सगळ्यांसमोर?"

"लिंबाखाली चार पोरं व्हती. आन् मुन्शी."

मालकांनी ग्यानबाकडं बघितलं. ग्यानबानं फेटा काढून मांडीवर ठेवला.

"चाळीस वर्षं झाली," मालक म्हणले. "मांडवात एकदा घेतलंस, ते बी पुटपुटलीस. माझ्या आईला ऐकू आलं न्हाई. आन् ह्याचं नाव तू रस्त्यावर, सरकारी चौकीसमोर..." रागानं त्यांनी भाकरी मोडली. पिठल्यात बुडवली. खाताना मधून मधून थांबून "ग्यानबा!" म्हणायचे आणि पुन्हा घास घ्यायचे. वैद्याच्या काढ्यानं इतक्या दिवसांत झालं नव्हतं ते तिथं झालं. दुसरी भाकरी अर्धी झाल्यावर मी म्हणलं, "एवढं लागलं असंल तर जिवंत घरी या. उंबऱ्यात तुमचं घेते. मोठ्यानं घेते."

"सगळ्यांसमोर?"

"तातेराव भावजींसमोर बी."

त्यांनी लाडू मागितला.

परत येताना नाक्यावर मी अगदी गप्प बसले. मुन्शीनं ग्यानबाला नाव विचारलं आणि ग्यानबानं पहिल्या झटक्यात सांगितलं. त्याचा आवाज त्या पोरांपेक्षा मोठा निघाला. मुन्शी माझ्याकडं बघून मान हलवून म्हणला, "अब बराबर."

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि नाक्याचा बांबू कुणीतरी सरपणाला नेला. मालक पितरपाटात घरी आले. लोक त्या दिवसांत मेलेल्यांना जेवायला बोलावतात, आमच्याकडं जिवंत माणूस चालत आला. वेशीपासून सगळं गाव मागं. तारा नातीला कडेवर घेऊन, उद्धव, तातेराव, आणि बैलाजवळ ग्यानबा.

मालक उंबऱ्याबाहेर थांबले. आत येईनात.

मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. तरी उभेच. मग मी पदर नीट केला आणि नाव घेतलं. जे तिथं होते त्यांनी ऐकलं. इथं ते लिहिणार नाही.

मालक म्हणले, "ऐकू आलं न्हाई."

त्यांच्या कानाला काहीएक झालेलं नव्हतं.

"मंग जावा वाशिमला परत," मी म्हणलं, आणि भाकरी टाकायला आत गेले. माझ्या मागोमाग तेही आत आले.