मधोमधचा ठिपका

तैपेईच्या संगणक बाजारात मॉनिटर विकताना पडदा पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा करून दाखवावाच लागतो. खोकं एकदा दुकानाबाहेर गेलं की पडद्यावरच्या बिघडलेल्या ठिपक्यांची तक्रार कुणी ऐकत नाही. म्हणून निवृत्त गाओ मास्तर पडद्याला नाक लावून बसले होते आणि दुकानदारीण श्यू-ल्येन मनातल्या मनात चरफडत तिसरं खोकं फोडत होती. फोडलेला माल पूर्ण भावात जात नाही.

"यातही काळा ठिपका आहे, बाई."

"मास्तर, सूनही अशीच पारखून आणलीत का हो?"

"तिच्यात दोनच निघाले."

श्यू-ल्येन हसली, पण पांढऱ्या पडद्यावर तिला काहीच दिसेना. "नक्की कुठं?"

"बघतो तिथं. मधोमध."

तिचं हसू मावळलं. तिने पडदा बंद केला आणि मास्तरांना समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघायला लावलं.

"आता?"

मास्तरांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. "आहे," ते हळूच म्हणाले.

तिने हेल्मेट त्यांच्या हातात दिलं आणि शटर ओढलं. "बसा स्कूटरवर. डोळ्यांचा दवाखाना जवळच आहे."

"आणि मॉनिटर?"

"पहिलाच चांगला होता. बरे होऊन या आणि न्या. फोडलाय, दुसरं कोण घेणार?"