चार की सहा

भूकंप झाला की या गृहस्थाला हुरूप यायचा. जमीन किती हलली ते यंत्र सांगतं. माणसं आणि भिंती किती हलल्या, हे दारोदार विचारून ठरवायचं काम याचं. भांडी नुसती वाजली तर धक्क्याचा आकडा चार. माणसं घाबरून बाहेर पळाली, गिलावा पडला, तर सहा.

कालच्या दुपारच्या धक्क्याची चौकशी करत तो बायको काम करायची त्या वाचनालयात पोचला. तिथला शिपाई भलता बोलघेवडा.

"साहेब, वहिनींनी बाइंडरदादांचा हात काय गच्च धरला होता! दारातूनच बघितलं मी."

झालं! याच्या अंगाचा तिळपापड झाला. खळीत बोटं बुडवून पुस्तकं बांधत बसणारा तो कुरळ्या! आणि आपला हात हिने शेवटचा कधी धरला, ते काही केल्या आठवेना.

पण मन लबाड असतं. धक्का सहाचा असेल, तर बिचारी काय करणार? सहाला माणूस खांबालाही मिठी मारतो. चारला मात्र कोणी कोणाचा हात धरत नाही. म्हणजे सहाच हवा!

मग स्वारी कामाला लागली. कपाटं पाहिली, एक पुस्तक जागचं हललेलं नाही. फुलदाणी काठोकाठ भरलेली, खाली टेबल कोरडं ठणठणीत. शेवटी जिन्याखाली भेग सापडली, तर काय आनंद झाला म्हणून सांगू! टॉर्च मारला. आत कोळ्याचं जुनं जाळं.

"चहासुद्धा सांडला नाही हो आमचा," शिपाई म्हणाला.

"तुला कोणी विचारलं?" हा खेकसला.

संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. हा समोर जाऊन बसला.

"काल खूप घाबरलीस ना?"

"छे हो. दिवा जरा हलला, इतकंच."

"सहाचा होता धक्का. अशा वेळी माणूस हाताला लागेल ते धरतो. त्यात लाजायचं काय?"

तिने हातातला सदरा खाली ठेवला. "शिपायाने सांगितलं वाटतं."

"घाबरून धरला म्हण. मी सहा लिहितो, विषय संपला." त्याचा आवाज रडवेला झाला होता.

तिने सदरा पुन्हा उचलून घडी पुरी केली. मग म्हणाली, "चारच लिहा. हात आधीपासूनच धरलेला होता. धक्का बसला तरी सोडला नाही, एवढंच."