मॅविसच्या वाफ्यातली पेनी

"एका वेळी एकच नाणं, पोरी. चिठ्ठीसकट बाहेर, चिठ्ठीसकट आत. मगच दुसऱ्याला हात लावायचा."

आयव्हर थर्केटल यांनी मला हे पहिल्याच मंगळवारी बजावलं आणि मी नुसतं हो हो केलं. जीवशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला चार नाणी सांभाळायला काय शिकवायचं, असं मनात आलं. शिवाय माझं अर्धं लक्ष माझ्या लेकीकडे, टिल्डाकडे. ती चौदा महिन्यांची, हाती लागेल ते तोंडात घालणारी. मी तेव्हा पिशवीत टॉयलेट पेपरची रिकामी पुठ्ठ्याची नळी घेऊन फिरायचे. नळीतून आरपार जाईल ती वस्तू बाळाच्या घशात अडकू शकते, असं नर्सने सांगितलं होतं. आयव्हर यांच्या घरात गेल्या गेल्या मी त्यांची हजार वर्षांची चांदीची पेनी त्या नळीत सोडून पाहिली. अलगद खाली आली.

"झालं समाधान?" ते म्हणाले. "बिचारीची अशी परीक्षा आजवर कोणी घेतली नव्हती."

ते आमच्या गल्लीच्या टोकाला एकटे राहायचे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. बायको मॅविस जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी हेदर दूर लीड्सला. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकायच्या आधी आमच्या या थेटफर्ड गावात राजाची टांकसाळ होती. तिथे पाडलेल्या, आज ठाऊक असलेल्या प्रत्येक पेनीची यादी करायची हे त्यांचं चौतीस वर्षांचं काम. नाण्यावर कुठल्या कारागिराचं नाव, कुठला ठसा, कुठे सापडली. यादी छापायला नाणेसंशोधकांचं मंडळ तयार होतं, फक्त त्यांच्या स्वतःच्या नाण्यांचे फोटो हवे होते. हात थरथरतात, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. टिल्डा दुपारी बाबागाडीत झोपायची, तेवढ्या वेळात.

नाणी महोगनीच्या कपाटात, उथळ खणांत. प्रत्येक खणात गोल खळ्या, खळीत नाणं, नाण्याखाली त्याच मापाची गोल चिठ्ठी. ते नाणं कोणाला, कुठे, कधी मिळालं ते मुंगीएवढ्या अक्षरात त्या चिठ्ठीवर. चिठ्ठी हरवली तर नाणं पोरकं, असं ते म्हणायचे.

एप्रिलमध्ये त्यांची एक तक्रार सुरू झाली. खण वाकलेत म्हणे, ओल धरली असणार. त्यांनी कपाट भिंतीपासून पुढे ओढून घेतलं, सुतारालाही बोलावलं. सुताराने पट्टी लावून पाहिलं आणि खण सरळ आहेत असं सांगून, चहा पिऊन गेला. "आजकालच्या सुतारांना सरळ-वाकडं कळत नाही," आयव्हर म्हणाले. मला खण सरळच दिसत होते. म्हातारी माणसं एखाद्या गोष्टीचा ध्यास घेतात, म्हणून मीही तो विषय सोडून दिला.

जूनमधल्या एका गुरुवारी ऊन छान पडलं होतं. भराभर उरकावं म्हणून मी चार नाणी एकदम खिडकीत मांडली, चिठ्ठ्या बाजूला. तेवढ्यात टिल्डा जागी झाली आणि खोकली. तो कोरडा, अडकल्यासारखा खोकला ऐकून मी उठले ती टेबलाला धडकूनच. काही नव्हतं, स्वतःचीच लाळ घशात गेली होती. पण मागे वळले तर दोन नाणी आणि दोन चिठ्ठ्या जमिनीवर.

दोन्ही पेन्या एकाच कारागिराच्या. एकीकडे तोच मुकुटवाला राजा, दुसरीकडे तोच क्रूस. एक चिठ्ठी नॉरिचच्या जुन्या व्यापाऱ्याची. दुसरीवर लिहिलं होतं: 'मॅविस. बटाट्याचा वाफा.' याच पेनीमुळे चौतीस वर्षांचं काम सुरू झालं होतं. आयव्हर स्वयंपाकघरात चहा करत होते. मी अंदाजाने एकेक नाणं एकेका चिठ्ठीवर ठेवलं आणि खण लोटला. बोलले नाही. चुकलं असेल तर त्यांना पाहताक्षणी कळेल, असं मी स्वतःला समजावलं. आपली नाणी ते वर्गातल्या मुलांसारखी तोंडावरून ओळखायचे.

पुढच्या मंगळवारी त्यांनी तोच खण उघडला. मॅविसच्या खळीतली पेनी तळहातावर घेतली, डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. "ही बघ," म्हणाले, "हिच्यापायी आमच्या घरी त्या दिवशी बटाटे शिजलेच नाहीत." मग मॅविसने ती पेनी एप्रनला पुसून कशी आणून दिली ते सांगितलं आणि नाणं जपून परत ठेवलं. मी सुटले असं वाटलं. अंदाज बरोबर होता तर.

घरी आल्यावर आठवलं, पहिल्या आठवड्यात सराव म्हणून मी मॅविसच्या पेनीचा फोटो काढला होता. तो शोधला. त्यातल्या पेनीच्या कडेला दाताने चावल्यासारखी खोच होती. आज त्यांच्या तळहातावर होती तिची कड गुळगुळीत होती.

चूक सुधारणं सोपं होतं. गुरुवारी जायचं आणि गुपचूप दोन नाणी बदलायची. पण त्यांनी भिंगातून पाहिलं होतं आणि तरी ओळखलं नव्हतं, त्याचं काय करायचं? मग एकेक आठवत गेलं. पत्र आलं की चष्मा वर राहिलाय म्हणून ते मला वाचायला लावत. दूध नासलेलं असायचं. नवी चिठ्ठी त्यांनी ईस्टरनंतर लिहिलीच नव्हती. बोलताना ते माझ्याकडे न बघता माझ्या कानापलीकडे बघत, आणि मी समजत होते की म्हातारबाबा लाजतात. टिल्डाचा श्वास मी झोपेतसुद्धा मोजत होते. हे मात्र माझ्यासमोर तीन महिने चाललं होतं.

गुरुवारी मी आधी माझी चूक सांगितली. त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. मग मी म्हटलं, "आयव्हर, नाण्यावर काय दिसतं तुम्हाला?"

"पेनी दिसते."

"तिच्यावर?"

टिल्डाने बाबागाडीतून बूट खाली टाकला. मी तो उचलला नाही.

"मधोमध धुकं आहे," ते शेवटी म्हणाले. "कडेने दिसतं. आधी रेघा वाकड्या दिसायला लागल्या. मला वाटलं, खण."

"कोणाला सांगितलंत?"

"हेदरला सांगितलं तर रविवारी गाडी घेऊन दारात येईल आणि मला लीड्सला कुठल्यातरी वृद्धाश्रमात नेऊन ठेवेल. यादीची चाळीस पानं राहिलीत, ब्रायनी." त्यांनी मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. "तेवढी होऊ दे."

मी दोन्ही पेन्या उचलल्या आणि म्हटलं, मी सांगते, तुम्ही ओळखा. पहिलीच्या क्रुसाच्या एका कोनात ठिपका आहे. दुसरीच्याही आहे. पहिलीच्या दुसऱ्या अक्षरापासून कडेपर्यंत बारीक रेघ गेलीय.

"ठशाला तडा गेलेला. तो दोन्हींना आहे, ठसा एकच. कडा सांग."

"एकीची गुळगुळीत. दुसरीला खोच, चावल्यासारखी."

"चावलेली नाही," ते म्हणाले. "मॅविसचं खोरं लागलं होतं. दे इकडे."

त्यांनी ती पेनी मुठीत धरली. मग म्हणाले, "यादी डोक्यात आहे सगळी. डोळे तेवढे नाहीत."

"डोळे माझे घ्या," मी म्हटलं, "पण आधी डॉक्टर. आणि हेदरला फोन तुम्ही करायचा, मी नाही."

"मास्तरीणबाई झालीस की."

सोमवारी मी त्यांना नेत्रविभागात नेलं. उजव्या डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली; तो पुष्कळसा वाचेल म्हणाले. डाव्याचं मधलं गेलं ते गेलं. रेघा वाकड्या दिसायला लागल्या त्याच आठवड्यात आला असतात तर, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आयव्हर यांनीच त्यांची समजूत घातली, "त्या आठवड्यात मी सुताराला बोलावलं होतं."

हेदर रविवारी आलीच. रडली, चिडली, फ्रिजमधलं निम्मं सामान फेकून परत गेली. वृद्धाश्रमाचा विषय तिने काढला नाही. यादी चालू आहे. मी पाहते आणि बोलते, ते ऐकतात आणि सांगतात. एका वेळी एकच नाणं. बावीस पानं राहिलीत.

तुमच्या ओळखीतही असं कोणी असेल, एकटं राहणारं, हुशार, गमतीदार बोलणारं, बोलताना तुमच्या कानापलीकडे बघणारं. त्यांच्याकडे या आठवड्यात एकदा जाऊन या. बरं आहे ना, असं विचारू नका; बरंच आहे म्हणतील. एखादी चिठ्ठी पुढे करा आणि वाचून दाखवा म्हणा. चष्मा वर राहिलाय म्हणाले, तर जिना चढा आणि घेऊन या.