विरजणापुरते स्फटिक

अश्वजित हैदराबादच्या औषध कंपनीत गेला, तेव्हा प्रयोगशाळेतल्या माझ्या खणात काचेची एक कुपी उरली. तळाशी चिमूटभर पिवळे स्फटिक आणि वर त्याच्या तिरप्या अक्षरात आमच्या संयुगाचा क्रमांक. बुलडाण्याच्या कॉलेजात ते आम्ही दोघांनी मिळून केलं होतं. कार्बनच्या कड्यात गंधक आणि नायट्रोजन बसवायचे आणि ते कडं जंतूंना मारतं का ते पाहायचं, एवढंच आमचं संशोधन. मी ती कुपी अधूनमधून उजेडात धरायचे. हसायचं तर हसा, पण मला त्याची फार आठवण यायची.

यंदा चाचणीला ताजा नमुना हवा होता. साहित्य तेच, कृती तीच. पण अल्कोहोलात विरघळवून गार केलं, की स्फटिकांऐवजी तळाशी चिकट तेल! आमचे मार्गदर्शक चंद्रशेखर सर रोज डोकावून विचारायचे, "मनाली, झालं का?" जणू मी आत पोळ्या लाटत होते. काचकांडीने चंबूची आतली बाजू खरवडून खरवडून हात भरून आले, तेल मात्र ढिम्म. चाचणी सोमवारी होती. ती हुकली की थेट पुढच्या सत्राची वाट.

शेवटी चिडून अश्वजितला फोन लावला. तो देऊळघाटचा, हैदराबादेतही बोली सुटली नव्हती.

"तेल सुटून राह्यलं? मंग दह्यासारखं विरजण लाव नं त्याले! जुने स्फटिक टाक, पाह्य कसं जमते. पण जुनं काई उरलं नसंन तुह्यापाशी."

"हाये थोडंसं," मी म्हणाले. "तुनंच ठेवलेलं."

"ते काऊन सांभाळलं वं? मी तं फेकूनच देलं असतं."

"राह्यलं असंच," म्हणून मी फोन ठेवला.

अमडापूरला माझी आई दही लावताना थोडं विरजण मागे ठेवतेच. मीही अर्धेच स्फटिक टाकले, सगळे टाकायला जीव होत नव्हता. पण घाईत चंबू कोमटच राहिला होता. ते विरघळून गेले. मला रडूच आलं. मग चंबू बर्फात चांगला गार केला आणि डोळे मिटून कुपी रिकामी केली. बऱ्याच वेळाने आत एक पिवळी काडी दिसली. मग दुसरी. मग चंबूभर.

नमुना सोमवारी गेला. दोन दिवसांनी चाचणीच्या बशीत जंतूंची दाट साय होती, आणि आमच्या संयुगाभोवती जंतू मेल्याचा स्वच्छ गोल. सरांनी पेढे मागवले. मी अश्वजितला फोटो पाठवला. उलट एक अंगठा आला, नुसता अंगठा.

उरलेल्यातले चिमूटभर स्फटिक मी त्याच कुपीत भरले आणि खिडकीशी जाऊन पाहिले. रंग तोच, चमक तीच, वरचं अक्षरही त्याचंच. मला मात्र त्याच्या हातचे हवे होते.