चावीघराच्या शेजारी

बेकरीतला पाव मऊ, तोंडात विरघळतो. पोस्टासमोरच्या चावीघराला लागूनच आहे.

दातांचे डॉक्टर दुखवत नाहीत, पण ताटकळत ठेवतात. तोवर खाली चावीघरात चावी करून मिळते.

वाचनालय स्वच्छ. पंखा कुरकुरतो. जिना सापडला नाही तर चावीघरात विचारा.

बागेत बाकं कमी. चावीघराकडच्या फाटकातून आत शिरावं, तिकडे सावली असते.

पुतणीने हे अभिप्राय दाखवत मोबाईल काकांच्या पुढ्यात धरला. काकांनी कानस खाली ठेवली, पितळेचा चुरा पँटला पुसला आणि चष्मा वर सरकवला.

"कुणी लिहिलंय हे?"

"नाव लावलंय 'चावीवाली'. आता ओळखा."

काकांनी शिकंज्यात पकडलेली चावी सोडवली आणि तिच्यावर फुंकर मारली. तिच्यावर काहीच नव्हतं.

"लोक जवळचा चावीवाला शोधतात ना, काका, तेव्हा कुणाला वर दाखवायचं ते असं ठरतं," पुतणी म्हणाली. "दुकानाचं नाव कुठेकुठे येतंय, पत्ता सगळीकडे एकच आहे का, ते बघतात. काकूने गावभर तुमचं नाव पेरून ठेवलं होतं. म्हणून तुम्ही पहिले यायचात."

"मला वाटायचं माझा हात चांगला आहे."

"आहेच हो. पण मोबाईलला हात कुठे दिसतो?"

काकू वारल्यावर दुकान पोस्टासमोरून पुलाखाली आलं होतं. तिच्या लिहिण्यात अजून पोस्टच होतं. पुतणीने भरलेल्या नव्या नोंदीत पूल. त्यामुळे दोन दुकानं असल्यासारखं झालं होतं, आणि दोन्ही पार तळाला गेली होती. सकाळपासून दुकानाची पायरी चढलेली पुतणी पहिलीच. तिलाही चावी नको होती.

"काकूचं खातं बंद करायला सांगू. घरच्या माणसाने अर्ज करायचा असतो. तुम्ही हो म्हणा, मी आत्ता पाठवते."

"मग तिचं लिहिलेलं?"

"जाईल सगळं."

रात्रीची जेवणं उरकली की काकू मोबाईल घेऊन बसायची. काका भिंतीकडे तोंड करून झोपायचे. एकदा त्यांनी विचारलं होतं, काय एवढं पुरलंय त्यात? ती नुसती हसली होती.

"दुसरी काही वाट?"

"आहे की. काकूसारखं नवंनवं लिहीत राहायचं, नव्या पत्त्याने. पण लिहिणार कोण? तुम्ही तर माझ्या मेसेजला साधं 'हं' पाठवत नाही."

"राहू दे. नको पाठवू."

"काय नको?"

"अर्ज."

पुतणी गेल्यावर काकांनी भरदुपारी शटर ओढलं. पुलाखालून पोस्टापर्यंत चालत गेले. त्यांच्या जुन्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं टांगलेली होती. ते शेजारच्या बेकरीत शिरले, एक पाव घेतला आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. समोरची खुर्ची कुणीतरी विचारून उचलून नेली.

पाव संपेपर्यंत त्यांनी मोबाईल काढला नाही. मग एका बोटाने, अक्षर शोधत, तिच्या ओळीखाली लिहिलं:

पाव मऊ आहे. शेजारचं चावीघर आता पुलाखाली असतं.

पावच काय, मैद्याचं काहीही काकूला लग्नाआधीपासून चालत नसे.